गावी परतायचं? आधी दोघांचा हिशोब, मग एकटीचा

 

मे महिना सरत आला. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यावाड्यांतून आलेले चाकरमानी फणस, कोकमं, काजूगर पिशव्यांत भरून परतीच्या गाडीला लागलेत. जाताना दर वर्षीसारखं यंदाही एक वाक्य आमच्या कानावर आलं. ‘आता दोनच वर्षं राहिली. रिटायर झालो की कायमचं गावाला.’ हे वाक्य बहुतेक वेळा पुरुषमाणूस बोलतो. पडवीत बसून, चहा पिता पिता, आनंदाने बोलतो. शेजारी त्याची बायको बसलेली असते. ती काही बोलत नाही, कप उचलून आत जाते.

यंदा अशा तिघीजणी नंतर एकेकट्या आमच्याकडे आल्या. आम्ही गटांचे हिशोब बघतो, बँकेच्या कामाला बायकांबरोबर जातो, म्हणून आल्या असतील. तिघींचा प्रश्न एकच होता. ‘ताई, यांना गावाला यायचंय. मला सांगा, जमेल का आम्हाला?’ म्हणून आजच्या कार्यक्रमात आम्ही हाच विषय घेतलाय. नोकरी संपल्यावर मुंबई सोडून गावी राहायला येणं. त्याला खर्च किती, सुख किती आणि त्रास किती.

आधीच सांगतो, येऊ नका असं आम्ही म्हणणार नाही. गाव आपलं आहे. गावात माणसं कमी झालीत, घरांना कुलपं लागलीत. कुणी परत आलं तर आम्हाला आनंदच आहे. पण बाजारातून माठ घेताना आपण चार वेळा वाजवून बघतो. इथे तर उरलेलं सगळं आयुष्य ठेवायचंय. मग वाजवून बघायला नको?

त्यांचं गाव, तिचं सासर

आपल्या कोकणातून माणसं मुंबईला जातात त्याला दीडशे वर्षांहून जास्त काळ झाला. गिरण्या निघाल्या तसे आपले आजे-पणजे तिकडे गेले. पुरुष गिरणीत आणि खाणावळीत, बाई गावात शेती, सासू-सासरे आणि मुलं सांभाळायला. मनीऑर्डर यायची. म्हातारपणी तो परत यायचा तेव्हा चूल पेटलेली असायची, कारण ती पेटवणारी कधी गाव सोडून गेलीच नव्हती.

१९८२ च्या संपानंतर गिरण्यांचं ते जग मोडलं. पुढच्या पिढीचं बिऱ्हाड आधी चाळीत, मग दिवा, नालासोपारा, विरार असं लांब लांब गेलं, पण बायको-मुलांसकट गेलं. आज जी बाई साठीला आलीय तिने तीस-पस्तीस वर्षं मुंबईत काढलीत. तिचा नळ तिकडे आहे, भाजीवाली तिकडे आहे, लोकलच्या बायकांच्या डब्यातल्या मैत्रिणी, भजनी मंडळ, ओळखीचा डॉक्टर, सगळं तिकडे आहे. गावाला ती आली ती गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. तीही सून म्हणून, पदर खोचून, वीस माणसांचा स्वयंपाक करायला.

त्यामुळे तो ‘गावाला जाऊया’ म्हणतो तेव्हा तो आपल्या घरी परततोय. ती मात्र साठाव्या वर्षी पुन्हा एकदा सासरी नांदायला येतेय. हे दोघांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलायला हवं. ती गप्प बसली म्हणजे तिचा होकार आहे असं धरू नका. आणि बाईनेही गप्प बसू नये.

पैसा किती येणार?

आता वही-पेन घ्या. लिहिता येत नसेल तर नातवंडाला बसवा.

पहिला आकडा पेन्शनचा. सरकारी नोकरी असेल तर पेन्शन बरी असते. पण आपल्याकडचे बरेच जण खासगी कंपनीत, गोदामात, हॉटेलात, सिक्युरिटीत काम करतात. त्यांना भविष्य निर्वाह निधीची पेन्शन मिळते. तिला लोक ‘पीएफची पेन्शन’ किंवा ‘ईपीएस’ म्हणतात. ती ५८ व्या वर्षी सुरू होते आणि त्यासाठी निदान १० वर्षांची नोकरी भरलेली लागते. कमीत कमी पेन्शन महिन्याला १,००० रुपये आहे. ती २०१४ पासून तेवढीच आहे. ‘पगार तीस हजार होता, म्हणजे पेन्शन निदान पंधरा हजार येईल’ असं समजू नका. या पेन्शनचा हिशोब सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतच्याच पगारावर होतो, आणि जुन्या वर्षांना त्याहून कमी मर्यादा धरतात. आम्ही ज्या घरांचे कागद पाहिले, त्यांत दोन ते चार हजारांच्या मधले आकडे जास्त दिसले.

दुसरा आकडा एकरकमी पैशाचा, म्हणजे फंड आणि ग्रॅच्युइटी. आयुष्यात एवढी रक्कम एकाच वेळी हातात पहिल्यांदा येते, आणि शेवटचीही. तिला दहा वाटा फुटतात. मुलाला गाडी, मुलीला दागिना, भावाला उसने, आणि सगळ्यात मोठी वाट म्हणजे गावचं घर.

एक सोपं गणित करून बघू. समजा, हातात १२ लाख आले. त्यातले २ लाख घराच्या दुरुस्तीला गेले. १ लाख आजारपणासाठी बचत खात्यात ठेवला. उरलेले ९ लाख पोस्टाच्या मासिक प्राप्ती योजनेत दोघांच्या नावावर ठेवले. २०२५ साली त्या योजनेचा दर ७.४ टक्के होता. म्हणजे दरमहा ५,५५० रुपये हातात. त्यात पेन्शन ३,००० धरा. झाले ८,५५०.

साठीच्या पुढच्यांसाठी पोस्टात आणि बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनाही आहे. तिचा दर तेव्हा ८.२ टक्के होता आणि व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं. या दरांचा सरकार दर तीन महिन्यांनी आढावा घेतं, म्हणून पैसे ठेवायच्या दिवशी विचारून घ्या. एकदा ठेवले की पाच वर्षं तोच दर राहतो.

आता बघा, घरावर २ लाखांऐवजी ६ लाख घातले तर? चिऱ्याच्या नव्या भिंती, वर स्लॅब, खाली लाद्या, पुढे गेट. घर देखणं होतं, गावात नाव होतं. पण ठेव ९ लाखांची ५ लाख होते आणि महिन्याचं व्याज ५,५५० वरून ३,०८३ वर येतं. घरात घातलेला प्रत्येक लाख महिन्याचे सुमारे ६१७ रुपये कमी करतो, आणि ते कायमचे. म्हणून घर बांधताना ‘किती लाख लागतील’ एवढंच विचारू नका. ‘महिन्याचे किती जातील’ हेही विचारा.

काही जणींना सध्या लाडक्या बहिणीचे १,५०० मिळतात. ते वयाच्या ६५ वर्षांपर्यंतच आहेत. म्हातारपणाच्या हिशोबात ते धरू नका.

खर्च कुठे कमी होतो, कुठे वाढतो?

‘गावाला काय लागतं? तांदूळ घरचा, भाजी परसातली, पाणी विहिरीचं.’ हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. यात खरं किती?

खरं एवढं आहे की घरभाडं किंवा सोसायटीचा मेंटेनन्स वाचतो. रोजचा प्रवास वाचतो. बाहेरचं खाणं, मॉलमधलं फिरणं आपोआप कमी होतं. हवा चांगली, झोप चांगली. मुंबईत गुदमरणारी कितीतरी माणसं इथे मोकळा श्वास घेताना आम्ही पाहिलीत.

पण तांदूळ घरचा हवा तर शेत लावायला मजूर हवेत. साठीनंतर चिखलात दिवसभर कोण वाकणार? मजुरी, खत, नांगरणीचा पॉवर टिलर असा सगळा जमाखर्च मांडला की घरचा तांदूळ बऱ्याचदा दुकानातल्यापेक्षा महाग पडतो. परसातली भाजी पावसाळ्यात आणि थंडीत होते, पण माकडं ठेवतील तेवढी. उन्हाळ्यात भाजी तालुक्याच्या बाजारातूनच येते, आणि ती मुंबईपेक्षा स्वस्त असतेच असं नाही.

घराची शाकारणी हा दर वर्षीचा खर्च. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त पाऊस पडतो. कौलारू घर असेल तर मे महिन्यात कौलं काढून, फुटकी बदलून, कुजलेले रीप-वासे बघून पुन्हा बसवावी लागतात. हे काम करणारी माणसंही आता कमी झालीत. स्लॅब असेल तर तीही काही वर्षांनी गळते. मग वर पत्रे घालावे लागतात. वाळवीचं औषध आहेच. पावसात वीज जाते, कधी कधी दोन-दोन दिवस येत नाही, म्हणून इन्व्हर्टर लागतो.

पाण्याचं तर नीट विचारून घ्या. हल्ली पुष्कळ वाड्यांत नळ आलेत. पण नळ आहे का असं विचारून भागत नाही. मे महिन्यात पाणी किती दिवसांआड येतं आणि किती वेळ येतं, ते विचारा. विहीर कधी तळ गाठते ते शेजारणीला विचारा, ती खरं सांगेल. आणि हंडा कोण उचलणार हेही ठरवा. मुंबईत नळ होता, इथे तुमची कंबर आहे.

आणखी एक खर्च आहे, तो कुणी मोजत नाही. तुम्ही कायमचे गावात आलात की गावकीची वर्गणी पूर्ण लागते. देवळाचा जीर्णोद्धार, पालखी, लग्नकार्यातली देणीघेणी, मयताला जाणं. गणपती आणि शिमग्याला भावकीतल्या सगळ्यांची गाडी तुमच्या दारात थांबते, कारण तुमचं घर उघडं, झाडलेलं असतं. ते आनंदाचे दिवस असतात, पण दहा-पंधरा दिवसांचा किराणा आणि गॅस तुमच्या पेन्शनमधून जातो. भावकीत बसून आधीच ठरवा, किराणा सगळे मिळून भरायचा. आमच्याकडे दोन घरांनी असं ठरवलंय. कुणाला वाईट वाटलं नाही, आणि स्वयंपाकातही बाकीच्या सुना हात लावायला लागल्या.

दुखलं-खुपलं तर

साठीनंतर गुडघे, रक्तदाब, साखर काही ना काही पाठीशी लागतंच. मुंबईत खाली उतरलं की दवाखाना. इथे आधी वाडीतून रस्त्यापर्यंत यायचं, मग रिक्षा, मग प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, मग जिल्ह्याचं सिव्हिल, आणि मोठं काही असलं की कोल्हापूर नाहीतर पुन्हा मुंबई. पावसात पायवाट वाहून गेली की माणसाला डोलीतून रस्त्यापर्यंत आणणाऱ्या वाड्या अजून आहेत.

आमचा सल्ला असा. घर बांधायच्या आधी एक दिवस घड्याळ लावून मोजा. घराच्या उंबऱ्यापासून ज्या दवाखान्यात रात्रीही डॉक्टर असतो तिथपर्यंत किती वेळ लागतो? रात्री स्पेशल रिक्षा किती घेते? १०८ ची रुग्णवाहिका तुमच्या वाडीच्या कुठल्या टोकापर्यंत येते? ज्यांना डायलिसिस आहे, हृदयाचं मोठं दुखणं आहे, त्यांनी हे आधी बघावं आणि घराचं नंतर.

चांगल्या गोष्टीही सांगतो. वय ७० झालं की आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. २०२४ च्या ऑक्टोबरात ही सोय सुरू झाली. त्याला उत्पन्नाची अट नाही. यादीतल्या दवाखान्यांत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यावर होतात. आधार कार्ड लागतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आहे. या दोन्ही योजनांत दवाखान्यात भरती होऊन केलेले उपचार बसतात. रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र आपलाच. म्हणून गोळ्यांचे पैसे महिन्याच्या हिशोबात वेगळे लिहा.

एसटीला बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट आहे. पण त्या आधी आपल्या वाडीवर एसटी दिवसातून किती वेळा येते ते बघा. अर्धं तिकीट गाडी आली तरच उपयोगाचं.

आमच्या गटातल्या काकू

आता एक खरी गोष्ट सांगतो. काकूंना विचारूनच सांगतोय. फक्त नाव सांगू नका म्हणाल्या.

काकू आणि काका सात वर्षांपूर्वी गावाला आले. काका एका खासगी कंपनीत होते. दिव्याला त्यांची स्वतःची एक खोली होती. ती विकली. खोलीचे आणि फंडाचे मिळून पैसे गावच्या घरात घातले. चिऱ्याचं, स्लॅबचं सुंदर घर झालं. वास्तुशांतीला सगळं गाव जेवलं. पहिली दोन वर्षं छान गेली. काकांनी कलमं लावली. काकू म्हणायच्या, ‘आमच्यात एवढं बोलणं मुंबईत कधी झालं नव्हतं.’

तिसऱ्या वर्षी, श्रावणात, काका गेले. छातीत दुखायला लागलं, गाडी मिळेपर्यंत वेळ गेला.

तेराव्यानंतर मुलगा म्हणाला, ‘आई, चल मुंबईला.’ पण तो भाड्याच्या खोलीत, दोन मुलं, एकच खोली. काकू महिनाभर राहून परत आल्या. काकांची पेन्शन ३,२०० होती. ती विधवेला निम्मी मिळते, म्हणजे १,६००. तीही सुरू व्हायला बरेच महिने लागले, कारण कागदावर काकूंचं नाव एका प्रकारे आणि आधारवर दुसऱ्या प्रकारे लिहिलेलं होतं. मग काकूंना वाटलं, घराचा पुढचा भाग शाळेच्या शिक्षकांना भाड्याने देऊ, नाहीतर विकूनच टाकू. तेव्हा कळलं, जमीन अजून आजेसासऱ्यांच्या नावावर. सातबारा सामाईक, त्यावर सतरा नावं. घर काकांच्या पैशाचं, पण ज्या जमिनीवर उभं ती सगळ्यांची. विकायचं तर सतरा सह्या.

दीर वाईट नव्हते. कुणी काकूंना घराबाहेर काढलं नाही. पण वीस लाख घातलेल्या त्या घरातून काकूंना गरजेला एक रुपया काढता येईना.

एकदा गटाच्या बैठकीत आम्ही काकूंना विचारलं, ‘काकू, गावाला आलात हे चुकलं असं वाटतं का?’ त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘यायला चुकलं नाय गो बाय. मोजायला चुकलं. आम्ही दोघांचं मोजलं, एकटीचं मोजलंच नाय.’

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे.

एकटीचा हिशोब

आपल्याकडे बहुतेक घरांत नवरा बायकोपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असतो. आणि बायका पुरुषांपेक्षा साधारण जास्त जगतात. ही अशुभ गोष्ट नाही, हिशोबाची आहे. म्हणजे गावच्या त्या घरात शेवटची काही वर्षं बहुतेक वेळा बाईच एकटी राहणार. निर्णय तो घेतो आणि शेवटपर्यंत निभावते ती. म्हणून वहीत दोन पानं करा. पहिल्या पानावर ‘दोघं’, दुसऱ्यावर ‘एकटी’.

आपलं मघाचं गणित घ्या. दोघं असताना ८,५५० येत होते. ती एकटी राहिली की पेन्शन निम्मी, १,५००. पोस्टाचे ५,५५० तेवढेच राहतील, ठेव दोघांच्या नावावर असेल तर. एकूण ७,०५०. आणि घरावर ६ लाख घातले असतील तर ३,०८३ अधिक १,५००, म्हणजे ४,५८३. खर्च मात्र निम्मा होत नाही. जेवण कमी लागतं, पण घरपट्टी, वीज, शाकारणी तीच. उलट जी कामं ते स्वतः करायचे, नारळ उतरवणं, लाकडं फोडणं, बँकेत जाणं, त्याला आता पैसे मोजावे लागतात. या पानावरचा हिशोब जमत असेल, तर खुशाल या. जमत नसेल, तर आत्ताच काय बदलायचं ते ठरवा. आज दोघं आहात, हातात पैसा आहे. आज बदलता येतं.

कागदांचंही तसंच. आम्ही पाच कामं सांगतो.

पहिलं, जमीन. सातबारा आणि आठ-अ काढा, नावं वाचा. वारस नोंदी राहिल्या असतील तर आधी त्या करून घ्या. सामाईक जमिनीवर मोठं घर बांधण्याआधी वाटप करून घ्या. रीतसर वाटप होत नसेल तर डागडुजीपलीकडे पैसे घालू नका.

दुसरं, घर. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नवरा-बायको दोघांचीही नावं लावा. पण नमुना ८ हा घरपट्टीचा कागद आहे, तेवढ्याने मालकी पक्की होत नाही. जमिनीचा कागद वेगळा बघावाच लागतो.

तिसरं, पेन्शन आणि ठेवी. पेन्शनच्या आदेशावर बायकोचं नाव, जन्मतारीख आधारशी जुळते का ते आत्ताच बघा. खाती दोघांची करा आणि वारसदाराचं नाव लावा. २०२५ च्या जानेवारीपासून पीएफची पेन्शन देशातल्या कुठल्याही बँकेच्या शाखेत घेता येते, त्यामुळे गावाजवळची शाखा चालते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो, आणि पोस्टमन घरी येऊनही करतो.

चौथं, मुंबईची खोली. पहिल्या वर्षी विकू नका. स्वतःची असेल तर रीतसर करार करून भाड्याने द्या. पागडीची असेल तर मालकाला न विचारता भाडेकरू ठेवू नका, हक्क जाऊ शकतो. परतीचा दरवाजा एक वर्ष तरी उघडा ठेवा.

पाचवं, मुलांच्या नावावर करून देणं. जिवंतपणी सगळं देऊन हात रिकामे करू नका. बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘आई-वडिलांना सांभाळीन’ ही अट त्यात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात, मुलाने ती अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर भांडण अवघड होतं. मुलांवर अविश्वास म्हणून हे सांगत नाही. कागद नीट असले की प्रेमही नीट राहतं.

अडचण आली, कुणी त्रास दिला, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा फुकट फोन नंबर आहे. लिहून भिंतीला लावा.

वर्षभर राहून बघा, आणि सुरुवात पावसात करा

मे महिन्यात गाव सगळ्यांनाच आवडतं. आंबे असतात, माणसं असतात, पोरांचा दंगा असतो. गाव बघायचं तर आषाढात बघा. चार चार दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, वाडीत दहा घरांपैकी सात बंद. संध्याकाळी सात वाजता काळोख. तेव्हा तुम्ही दोघं काय कराल? तिला बोलायला कोण असेल? तेवढे दोन महिने बरे गेले तर बाकीचं वर्ष जमेल.

म्हणून आम्ही त्या तिघींना सांगितलं, आधी एक वर्ष राहून बघा. जुन्या घराची एक खोली आणि संडास-बाथरूम नीट करून घ्या, एवढाच खर्च. महिन्याचा खरा खर्च वहीत लिहा. वर्षाच्या शेवटी दोघांनी बसून ती वही वाचा. मग मोठा निर्णय घ्या.

आणि बाई गावात आली की पहिल्याच महिन्यात गटात या. कर्जासाठीच यायला हवं असं नाही. दर आठवड्याला दहा बायका एकत्र बसतात, तिथे तुमची जागा असली की तुम्ही ‘अमक्याची मुंबईवाली सून’ राहत नाही, तुमच्या नावाने गाव तुम्हाला ओळखतं. काकूंचंच बघा. मुंबईत त्यांनी एका कारखान्यात पॅकिंगचं काम केलं होतं. आज आमच्या गटाचं कोकम आगळ आणि आमसुलं त्याच पॅक करतात, लेबल सरळ लावायला आम्हाला त्यांनीच शिकवलं. त्यातून हंगामात चार पैसे मिळतात. पडवीत आता एक शिक्षिका राहते, दिरांच्या संमतीने. भाडं थोडं आहे, पण रात्री घरात दुसरं माणूस असतं. वारस नोंदीचं काम अजून चालू आहे. सतरातल्या अकरा सह्या झाल्यात.

गटांसाठी या आठवड्याचं काम सांगतो. पुढच्या बैठकीत, बचत गोळा झाल्यावर, अर्धा तास काढा. ज्यांच्या घरचं कुणी पाच वर्षांत मुंबईहून परतणार आहे अशा बायकांनी हात वर करा. सातबाऱ्यावर कुणाची नावं आहेत, पेन्शन किती येणार, ती निम्मी झाली तर किती, मे महिन्यात पाणी कुठून, आणि रात्रीचा दवाखाना किती दूर. या पाच प्रश्नांची उत्तरं ज्या घराकडे तयार आहेत, त्यांनी बाकीच्यांना शिकवा. नसतील, तर परत जाण्याआधी चाकरमान्यांना एक दिवस थांबवून घ्या आणि तलाठी कार्यालयात जाऊन या.

आणि मुंबईहून ऐकणाऱ्या, किंवा हे मासिक वाचणाऱ्या वयनींनो, ते पडवीत बसून ‘आता कायमचं गावाला’ म्हणाले की कप उचलून आत जाऊ नका. तिथेच बसा. वही मागवा. दोन पानं करा आणि त्यांनाच लिहायला लावा. दुसऱ्या पानावर ‘एकटी’ लिहिताना त्यांचा हात थोडा थांबेल. थांबू दे. ज्या नवऱ्याने ते पान आपल्या हाताने नीट भरलं, त्याची बायको गावात सुखाने राहील.